सोडतीने घर दिले, शेजार आपण घडवायचा

उरणजवळच्या करंजाच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर खाडीपलीकडे रेवस दिसते आणि पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर असतो. अलिबागकडची आपली वडीलधारी माणसे पोट भरायला मुंबईला निघत, त्यांच्या वाटांपैकी एक वाट इथूनच जात असे. रेवसहून तरीने करंजा, करंजाहून उरण, उरणहून मोऱ्याचे बंदर आणि तिथून बोटीने भाऊचा धक्का. काखेत गाठोडे, गाठोड्यात भाकरी आणि खिशात गावच्या कोणाचा तरी पत्ता. परळ, नायगाव, वरळी, डिलाइल रोड. तो गाववाला गिरणीतल्या जॉबरच्या हातापाया पडायचा आणि मग एक दिवस बदली कामगार म्हणून नाव लागायचे.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येणारा अटल सेतू सुरू झाला. ज्या पाण्यातून आजोबा गिरणगावात गेले, त्याच पाण्यावरून काही नातवंडे आता मोटारीने या काठाला परत येतात. आजोबा कामासाठी गेले होते, नातवंडे घरासाठी येत आहेत. गिरणी आता नाही, पण गिरणीच्या नावावर मिळालेले घर पनवेलजवळच्या कोन गावी उभे आहे.

एका रविवारी आम्ही कोनला गेलो. तिथे जे पाहिले आणि ऐकले, ते आपल्या कुटुंबांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेख.

चाकांचे पनवेल

पनवेल हे गाव आज सगळ्यांना रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड आणि एक्स्प्रेस हायवे यांमुळे माहीत आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी ते बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. बोरघाट उतरून बंदराकडे येणाऱ्या देशावरच्या गाड्यांना पनवेलची चाके बसवलेली असत, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. येथील नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे राज्यातील फार जुन्यांपैकी एक. १८६३ मध्ये आगगाडीने बोरघाट ओलांडला, माल रेल्वेने जाऊ लागला आणि पनवेलच्या बंदराचा व्यापार ओसरला. पुढे चाकेही गेली. १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबई वसू लागली. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. करंजाडेसारख्या ठिकाणी शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या.

म्हणजे ज्या गावाचा जुना धंदा एकदा बुडाला होता, त्याच्या शेजारी आता दुसऱ्या बुडालेल्या धंद्याची माणसे राहायला आली आहेत. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. हळूहळू गिरण्याच बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीचेच वाटे करायचे ठरले. बांधकाम उभे असलेली जमीन वाट्यातून सुटली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २००६ मध्ये बदललेला नियम कायम झाला. जिथे आपल्या बापजाद्यांनी सूत काढले, तिथे टॉवर आणि मॉल आले.

तरी कामगार मागे हटले नाहीत. मोर्चे काढले, धरणे धरले, तेव्हा कुठे घरांच्या सोडती निघाल्या. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची, २०१६ च्या मे महिन्यात २,६३४ घरांची, २ डिसेंबर २०१६ रोजी कोनच्या २,४१७ घरांची आणि १ मार्च २०२० रोजी ३,८९४ घरांची. एकूण १५,८७० घरे. अर्ज होते सुमारे पावणेदोन लाख. म्हणजे दहा अर्जदारांत एकालाही पुरते घर आलेले नाही, हे आधी लक्षात ठेवू आणि मग पुढे जाऊ.

कोनची घरे मुळात भाड्याने देण्याच्या योजनेत बांधलेली होती. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर केले आणि त्याची किंमत सहा लाख रुपये ठरली. ताबा मिळायला मात्र सोडतीनंतर वर्षे गेली. करोनाच्या साथीत हीच घरे विलगीकरणासाठी वापरली गेली, नंतर दुरुस्ती करावी लागली. या काळात अनेक विजेत्यांनी डोळे मिटले. घराची किल्ली त्यांच्या बायकोच्या किंवा मुलाच्या हाती आली.

भोंगा नाही, तरी जाग येते

आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. उंच इमारती, मधून सिमेंटचे रस्ते, दूरवर महामार्गाची घरघर आणि पलीकडे डोंगर. मजल्यावर पाऊल ठेवले तर सगळीकडे बंद दारे. चाळीत या वेळी काय गोंधळ असायचा! नळावर कळशांची रांग, गॅलरीत वाळणारे कपडे, कोणाच्या तरी रेडिओवर गाणी आणि पोरांची शाळेची घाई.

एका दारावर पाटी होती, खाली निळ्या अक्षरांत ‘जयभीम’. आत एक आजी होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांचे पती गिरणीत थ्रासल खात्यात होते. संपानंतर गिरणीने परत घेतले नाही. पुढे त्यांनी वॉचमनचे काम केले. सोडतीत नाव लागल्याचे त्यांना कळले, पण घर पाहायला ते राहिले नाहीत.

“जयभीम, या, बसा,” आजी म्हणाल्या. “इथं भोंगा नाय, नळाची भांडणं नायत. तरी माझे डोळे पहाटे उघडतातच. डबा करायचा असतो ना! मग आठवतं, डबा घेऊन जाणारा माणूसच नाय.”

आम्ही विचारले, “आजी, इथे बरे वाटते का?”

“बरं वाटतं. आयुष्यात पयल्यांदा माझा संडास माझ्या घरात हाय. रात्री भ्यायला नाय लागत. पण दादा, दार लावलं की मी मेले तरी कोणाला कळायचं नाय.”

एका दमात त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. ज्यांना चाळीच्या आठवणींचे फार उमाळे येतात, त्यांनी आजींचे पहिले वाक्य विसरू नये. ज्यांना नव्या फ्लॅटचे फार कौतुक आहे, त्यांनी दुसरे विसरू नये.

शेजारी कोण आहे?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आजींच्या समोरच्या दारात एक वयस्कर गृहस्थ राहतात. साताऱ्याकडचे, जातीने मराठा. ते त्याच गिरणीत साचे खात्यात, म्हणजे विणकामावर होते. आम्ही त्यांना भेटलो तेव्हा ते म्हणाले, “यांचे मालक आणि मी वीस वर्षं एकाच गेटानं आत जात होतो. पण कधी बोललो नाही. त्यांचं खातं वेगळं, आमचं वेगळं.”

ही खाती वेगळी का होती, हे आपल्या तरुण पिढीला माहीत असायला हवे. विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण तिथे धोट्यातली कांडी बदलली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका कामगाराने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात येऊ देत नसत. आपला माणूस कमी पगाराच्या कताई खात्यात, नाहीतर झाडलोटीच्या कामावर. विणकाम त्याला जमत नव्हते म्हणून नव्हे, तर त्याच्या तोंडचा धोटा दुसऱ्याला चालत नव्हता म्हणून! १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालक कामगारांना पिळतो हे खरे. पण कामगारच कामगाराला विटाळ मानतो, त्याचे काय? हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला. पुढे १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तोही या दोन्ही अन्यायांशी एकाच वेळी लढण्यासाठी.

जे गिरणीत, तेच चाळीत. गिरणगावात एकेका इमारतीला जातीचे, गावाचे, तालुक्याचे नाव चिकटलेले असे. गावकीचे गाळे वेगळे, खानावळी वेगळ्या. आपल्या माणसांच्या चाळी ओळखू यायच्या. निळा झेंडा, बुद्धमूर्ती आणि १४ एप्रिलचा मांडव यांवरून. त्या वस्तीने आपल्याला बळ दिले. १९७४ च्या जानेवारीत वरळीला दंगल पेटली, तेव्हा आपल्या चाळीच आपला आधार होत्या. पण हेही खरे की रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत आपण क्वचितच पाणी प्यायलो.

कोनला हे सगळे उलटेपालटे झाले. सोडत काढणाऱ्या संगणकाला जात कळत नाही. त्याने कामगारांची यादी घेतली आणि ओळीने घरे लावून टाकली. थ्रासलवाला आणि साचेवाला, बौद्ध आणि मराठा, माळी आणि मुसलमान, सगळे एकाच मजल्यावर, एकाच लिफ्टने, एकाच टाकीच्या पाण्यावर! जे १९२८ मध्ये गिरणीच्या आत साधले नाही, ते गिरणी संपल्यावर एका यंत्राने नकळत करून टाकले.

पण यंत्राने घरे शेजारी लावली, माणसे नाहीत. ते काम आपले आहे.

दबक्या आवाजातला जयभीम

आजींच्या वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपे राहते. मुलगा खाजगी कंपनीत नोकरीला, सूनबाई शिकलेली. घर नीटनेटके. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर दिसली नाही. ती आतल्या खोलीत होती. सूनबाईंनी स्वतःच विषय काढला. म्हणाल्या, “काका, आम्ही लपवत नाही. पण नवीन ठिकाण आहे. मुलगी लहान आहे. खाली खेळायला जाते. कोणी तिला वेगळं पाडलं तर? म्हणून मीच म्हटलं, थोडे दिवस आत राहू दे.” तेवढ्यात त्यांच्या पतींचा फोन वाजला. ते गॅलरीत गेले, दार ओढून घेतले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “जयभीम.”

आम्ही त्यांना दोष देत नाही. शांत वस्तीत अपमान शांतपणे होतो. कोणी शिवी देत नाही. फक्त “तुम्ही मूळचे कुठले?” असे विचारतात, मग “आडनाव काय?” आणि मग दुसऱ्या दिवसापासून हळदीकुंकवाचे बोलावणे दोन दारे सोडून पुढे जाते. चाळीत अपमान झाला तर सारी चाळ जमायची. इथे अपमान झाला तर माणूस एकटा असतो आणि दार लावून गप्प बसतो. सूनबाईंची भीती खोटी नाही.

पण एक विचारावेसे वाटते. बाबासाहेब आतल्या खोलीत गेले की आपली मुलगी त्यातून काय शिकते? आपण कोण आहोत ते बाहेर सांगायचे नसते, हे शिकते. आजोबांना गिरणीत तोंड लपवावे लागले नाही, ते थ्रासलमध्ये ताठ मानेने उभे राहिले. मग नातीने फ्लॅटमध्ये का लपावे? आम्ही सूनबाईंना एवढेच म्हणालो, “ताई, तसबीर बाहेर लावा आणि दार उघडे ठेवा. दोन्ही एकदम करा. तसबीर बाहेर आणि दार बंद, असे नको.”

त्या हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

बाबासाहेबांनीही घर बदलले

काही कार्यकर्ते म्हणतात, वस्ती सुटली की चळवळ सुटते. आम्हाला हे पूर्ण पटत नाही. बाबासाहेब स्वतः परळला पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत वीसेक वर्षे राहिले. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची ती चाळ. त्या खोल्यांत संसार, पुस्तके, भेटायला येणारी माणसे, सगळे एकत्र. पुढे १९३० नंतरच्या काळात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. तेही शांत वस्तीत आणि तेही अशा लोकांच्या शेजारी, ज्यांच्यापैकी पुष्कळांना त्यांचे तेथे राहणे रुचले नसेल. कशासाठी? पुस्तकांसाठी. त्यांना वाचायला आणि लिहायला शांतता हवी होती. घराचे नाव मात्र बौद्ध इतिहासातले ठेवले आणि ते दर्शनी भागावर दिसेल असे ठेवले. माणसांसाठी दारही बंद केले नाही.

शांतता वाईट नाही. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे झोपायची, पोरे रस्त्यावरच्या दिव्याखाली नाहीतर जिन्यात बसून अभ्यास करायची. आज नातवाला दार लावून अभ्यास करता येतो, ही तीन पिढ्यांची कमाई आहे. ती टीव्ही आणि मोबाइलमध्ये उधळू नका. एक वेळ ठरवा. संध्याकाळी सात ते नऊ घरात टीव्ही बंद. मूल अभ्यास करील आणि मोठी माणसे वाचतील. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. आजींनी नातीकडून वर्तमानपत्र ऐकण्याचा नेम धरला आहे. नातीचे वाचन सुधारले आणि आजींना जगाची खबर लागते.

सहा दिशांचा शेजार

भगवान बुद्धांनी गृहस्थांना जो उपदेश केला, त्यातला सिगालाला केलेला उपदेश प्रत्येक घरात सांगितला गेला पाहिजे. सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत असे. बुद्धांनी त्याला समजावले की दिशा म्हणजे माणसे. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी, उत्तर म्हणजे मित्र-सोबती, खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली काम करणारे आणि वरची म्हणजे श्रमण. या माणसांशी नीट वागणे हाच दिशांचा नमस्कार.

हाताखालच्या माणसाला झेपेल तेवढेच काम द्यावे, वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी, असे बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. आपल्या गिरणी कामगाराच्या वाट्याला यातले किती आले, ते सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला. खालच्या दिशेला केलेला तो खरा नमस्कार होता.

कोनच्या रहिवाशांसाठी आज उत्तर दिशा महत्त्वाची आहे. सोबत्याला द्यावे, त्याच्याशी गोड बोलावे, त्याच्या उपयोगी पडावे, त्याला आपल्यासारखे मानावे, त्याला दिलेला शब्द पाळावा. यात कुठेही सोबत्याची जात विचारलेली नाही.

आजींच्या मजल्यावर मागच्या पावसाळ्यात असेच काही घडले. रात्री समोरच्या काकांच्या छातीत दुखू लागले. त्यांचा मुलगा कामावर होता. काकू घाबरून दारात उभ्या राहिल्या. आजींचा नातू उठला, खालून रिक्षा आणली, काकांना खांद्याचा आधार देऊन उतरवले आणि पनवेलच्या दवाखान्यात नेऊन पहाटेपर्यंत बसून राहिला. तोपर्यंत काकू आजींच्या घरी कधी आल्या नव्हत्या. आठ दिवस आजींनी काकांसाठी पेजेचा डबा पाठवला. नवव्या दिवशी काकू डबा परत द्यायला आल्या. डब्यात तांदळाची खीर होती. रिकामे भांडे परत देऊ नये, ही आपल्याकडची रीत. त्या आत आल्या, बसल्या, पाणी मागून प्यायल्या आणि मग चहासुद्धा घेतला.

एका खिरीने जात गेली, असे आम्ही म्हणणार नाही. पण जे पाणी गिरणीत वीस वर्षांत मागितले गेले नाही, ते इथे मागितले गेले. एवढे पुरावे म्हणून पुरे आहे.

घर कोणाच्या नावावर?

आता घरातल्या घरातील एक गोष्ट. हे घर कामगाराच्या घामाचे आहे. कामगार गेला असेल तर त्याच्या मागे पत्नी असते, मुलगे असतात आणि मुलीही असतात. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते अडवले गेले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यातूनच पुढे आलेला १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्या कायद्याने त्याची आई, विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा हक्क आहे. विवाहित मुलगीही त्यात आली. सोसायटीत नामनिर्देशन झाले म्हणजे मालकी ठरली, असेही नव्हे.

हे सांगण्याचे कारण असे की काही घरांत आईला कागद पुढे करून अंगठा घेतला जातो. “आई, तुला काय करायचंय घर, तू तर आमच्याकडेच राहणार,” असे म्हणून मुलगा घर आपल्या नावावर करू पाहतो आणि पुढे आईच अडगळ होते. माता-भगिनींनो, न वाचता कुठेही सही किंवा अंगठा करू नका. मुलीला, नातीला बोलवा, कागद मोठ्याने वाचून घ्या. शंका असेल तर वकिलाला विचारा. आणि मुलग्यांनो, रमाईच्या नावाने जयंती करता, तर घरातल्या आईला रस्त्यावर आणू नका.

दुसरी गोष्ट विक्रीची. २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पनवेलच्या परिसरात जागेला भाव आला आहे आणि दलाल फिरू लागले आहेत. वाटपाच्या अटी आधी नीट वाचा. अटी मोडून तोंडी व्यवहार केला, तर पैसेही बुडतील आणि घरही जाईल. आणि अटीत बसले तरी विचार करा. गिरणी बंद झाली तेव्हा हाती आलेले पैसे किती घरांत टिकले? लग्नकार्यात, देण्यात, नको त्या व्यसनात गेले. ज्यांची खोली राहिली, त्यांचे संसार राहिले. ही शिकवण महाग पडलेली आहे, ती पुन्हा विकत घेऊ नका.

अडचणी नाहीत असे नाही. मुंबईत कामाला जाणाऱ्याचा जायला-यायला रोज तीन तासांहून जास्त वेळ जातो. देखभालीचा खर्च पेन्शन नसलेल्या माणसाला जड जातो. या प्रश्नांवर एकट्याने कुरकुर करून काही होत नाही. सगळ्या मजल्यांनी मिळून अर्ज द्यावा लागतो, सभेत उठून हिशेब मागावा लागतो. साचेवाला आणि थ्रासलवाला इथे एकाच खात्यात आहेत, हे दोघांनाही कळले तरच त्यांचे ऐकले जाईल.

काय करता येईल?

कोनमधील आणि अशा प्रत्येक नव्या वस्तीतील बंधू-भगिनींना आमच्या काही सूचना आहेत.

विहाराच्या जागेसाठी पहिल्या दिवसापासून वाद नको. दर रविवारी एकेका घरी वंदना घ्या. अर्ध्या तासाची वंदना, नंतर अर्धा तास धम्मावर बोलणे. आवाज घरापुरता असू द्या, पण दार उघडे असू द्या. शेजारचे मूल डोकावले तर त्याला आत बोलवा.

एका कपाटाची लायब्ररी सुरू करा. बाबासाहेबांची, जोतिबांची पुस्तके ठेवा आणि शेजारी शाळेची पाठ्यपुस्तके, स्पर्धा परीक्षांची पुस्तकेही ठेवा. ती सगळ्यांच्या मुलांना खुली ठेवा. पुस्तक नेणाऱ्याच्या आडनावाला विचारू नका.

१४ एप्रिलला फक्त आपल्याच माणसांची मिरवणूक काढू नका. त्या दिवशी सर्व इमारतींतील जुन्या गिरणी कामगारांचा सत्कार करा, मग तो साचेवाला असो वा थ्रासलवाला. बाबासाहेब कामगारांचेही पुढारी होते, हे त्या दिवशी सर्वांना कळू द्या.

शेजाऱ्याच्या सणाला पूजेस बसू नका, आपल्या बावीस प्रतिज्ञा पाळा. पण त्याच्या मांडवाचा बांबू उचलायला, त्याच्या आजारपणात आणि मयताला सगळ्यांत आधी जा. प्रतिज्ञा पाळणारा माणूस शेजारधर्मात कमी पडत नाही, हे वागून दाखवा.

आणि ज्यांना घर मिळाले, त्यांनी न मिळालेल्यांना विसरू नये. पावणेदोन लाखांतले बहुतेक अजून वाट पाहत आहेत. कित्येक गेले, कित्येक गावी जाऊन बसले. त्यांचा मोर्चा निघाला की कोनमधल्या प्रत्येक घरातून एक माणूस गेलाच पाहिजे.

आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरले होते. आजी दारापर्यंत आल्या. समोरच्या काकांचे दार उघडे होते आणि ते खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. आजी त्यांना म्हणाल्या, “भाऊ, वाचून झालं की द्या हो आमच्या पोरीला, ती मला वाचून दाखवते.”

काका उठले आणि अर्धा पेपर काढून आजींच्या हातात दिला. “हे आधी घ्या, वहिनी. उरलेला मागून देतो.”

मजल्यावर त्या वेळी दोन दारे उघडी होती. बाकीची उघडायची आहेत. ज्याच्या घराला दार आहे, त्याने ते आजपासून थोडा वेळ उघडे ठेवून पाहावे.

जयभीम! नमो बुद्धाय!